नवोदयची परीक्षा: अर्जाआधी आणि निकालानंतर

बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या की खरी बोलणी सुरू होतात. पावसाळा आला की त्यात एक प्रश्न हमखास असतो. "ताई, गुरुजी म्हणतात पोर हुशार आहे, नवोदयला बसवा. बसवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?" आणि उन्हाळ्यात दुसरा प्रश्न येतो. "ताई, यादीत नाव नाही. आता कुठे दाद मागायची?"

आज या दोन्ही प्रश्नांवर बोलू. एक गोष्ट आधीच सांगते. नवोदयची परीक्षा पाचवीत होते, पण तिची तयारी तिसरीत सुरू होते. तयारी म्हणजे क्लास नव्हे. मूल कोणत्या शाळेत, कोणत्या गावात, किती दिवस शिकलं, याचे कागद. पेपर तपासून झाला की तो पुन्हा तपासून मिळत नाही. म्हणून आपल्या हातात जे आहे ते बहुतेक परीक्षेच्या आधीच आहे.

नवोदय म्हणजे काय

जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा. सहावी ते बारावी. खेड्यातल्या हुशार मुलाला केवळ आईबापाकडे पैसा नाही म्हणून चांगलं शिक्षण चुकू नये, हा त्यामागचा हेतू. १९८५-८६ साली प्रयोग म्हणून पहिल्या दोन शाळा निघाल्या. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या महाराष्ट्रात अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही योजना देशभर नेली. आज साडेसहाशेच्या वर नवोदय विद्यालयं आहेत. साधारणपणे एका जिल्ह्याला एक. आपल्या रायगड जिल्ह्याचं नवोदय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे.

राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं तिथेच. सहावी ते आठवीला फी नाही. नववीपासून महिना ६०० रुपये विद्यालय विकास निधी घेतात, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलांना तोही माफ. सुरुवातीला शिकवणं आपल्या भाषेत असतं, पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून होतं. नववीत काही मुलांना एक वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात. आपलं मूल हिंदी मुलखात जातं, तिकडचं इकडे येतं. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर ऐन वेळी आजी डोळ्याला पदर लावून बसते.

आता जागांचा हिशेब करू, आपल्याला हिशेबाची सवय आहेच. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ६०, ग्रामीण भागातल्या मुलांना. एकूण जागांच्या एक तृतीयांश तरी मुलींना. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग मुलांनाही राखीव जागा आहेत. जागा ऐंशी आणि अर्ज हजारोंनी. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

गाव कुठलं, शाळा कुठली

नवी मुंबईच्या आसपास राहणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो.

पहिला नियम जिल्ह्याचा. मूल ज्या जिल्ह्याच्या नवोदयसाठी अर्ज करतं, त्याच जिल्ह्यात ते राहणारं हवं आणि पाचवीतही त्याच जिल्ह्यात शिकणारं हवं. आपल्याकडे नवी मुंबई म्हटलं की सगळं एकच वाटतं. पण वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात आणि खारघर, कामोठे, पनवेल, उलवे, उरण रायगड जिल्ह्यात. घर उलव्याला आणि शाळा नेरूळला असली, तर मधे खाडीपूल एकच असला तरी जिल्हे दोन झाले.

दुसरा नियम ग्रामीण-शहरीचा. ग्रामीण जागेवर हक्क सांगायचा तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली हवीत. या तीन वर्षांत एक दिवस जरी मूल शहरी भागातल्या शाळेच्या पटावर असलं, तरी ते शहरी धरलं जातं. आणि शहरी म्हणजे काय? सरकारच्या अधिसूचनेने जो भाग शहरी ठरवलाय तो. बाकीचा ग्रामीण.

आता आपल्याकडची परिस्थिती बघा. सिडकोने नवी मुंबई वसवली ती ९५ गावांच्या जमिनीवर. त्यातली बरीच गावं १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेत आहेत. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली, तेव्हा पनवेल तालुक्यातली आणखी २९ गावं शहरात गेली. तिथे अजून गावठाण आहे, गावदेवी आहे, जत्रा भरते, पण कागदावर तो शहरी भाग आहे. तिथल्या मुलाला अर्ज करता येतो, पण तो शहरी म्हणून. पलीकडच्या ग्रामपंचायतीच्या शाळेतलं मूल मात्र ग्रामीण. म्हणून "आम्ही गावातच राहतो" एवढ्यावर जाऊ नका. शाळा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे की महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायतीच्या, हे मुख्याध्यापकांना विचारून घ्या.

समजा, एका ताईने चौथीत मुलीला सहा महिने मामाकडे नेरूळला ठेवलं. शिकवणी चांगली मिळेल म्हणून नाव तिथल्या शाळेत घातलं. पाचवीला पुन्हा गावी आणलं. मुलगी हुशारच आहे, पण ग्रामीण जागेवरचा तिचा हक्क त्या सहा महिन्यांत गेला. हेतू चांगला होता, पण नियम हेतू विचारत नाही. मामाकडे पाठवायचंच असेल तर सुट्टीत पाठवा, शाळेच्या पटावरचं नाव हलवू नका.

वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. दिवाळीनंतर आपल्या कातकरी वाड्यांतली कितीतरी कुटुंबं भट्टीवर जातात, मुलंही सोबत जातात. तिसरी-चौथीची वर्षं अर्धवट राहिली की पाचवीत मूल कितीही चटपटीत असो, दार बंद. गटाने अशा घराशी दसऱ्यालाच बोलावं. मूल आजीकडे किंवा गावातल्या नात्यात ठेवता येईल का? नसेल जमत तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन जा, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत मूल बसू शकतं. मात्र ती शाळा शहरी हद्दीत आणि दुसऱ्या जिल्ह्यात तर नाही ना, हेही विचारा.

अर्ज भरताना

अर्ज ऑनलाइन असतो, साधारण पावसाळ्यात निघतो. त्याला एक रुपयाही फी नाही. सेवा केंद्रवाला भरून देण्याचे पैसे घेईल तेवढेच. मुख्याध्यापकांच्या सहीचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र, मुलाचा फोटो, मुलाची आणि पालकाची सही आणि रहिवासाचा पुरावा लागतो.

जन्मतारखेची मर्यादा दरवर्षी जाहीर होते. सहावीत जाताना मूल साधारण पावणेदहा ते बारा वर्षांच्या दरम्यान असावं लागतं. शाळेच्या दाखल्यावरची, जन्माच्या दाखल्यावरची आणि आधारवरची तारीख एकच आहे का, ते तिसरीतच पाहून घ्या. वयाबद्दल शंका आली तर ते मुलाला वैद्यकीय मंडळाकडे पाठवू शकतात.

परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. यंदा राहिलं तर पाचवी पुन्हा करून बसू, हे चालत नाही.

जातीचा दाखला हा आपल्याकडे लांबणारा विषय. आदिवासी वाड्यांत तर जुने पुरावे शोधण्यातच वर्ष जातं. निवड झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तिसरीतच अर्ज टाका. इतर मागासवर्गात येणाऱ्यांनी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते पाहावं आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढावा. राज्याचा दाखला तिथे पुरत नाही.

अर्ज भरल्यावर त्याची प्रत घ्या आणि घरी येऊन एकेक ओळ वाचा. वाचता येत नसेल तर गटाच्या सचिव ताईंकडून वाचून घ्या. मुलगा की मुलगी, प्रवर्ग, ग्रामीण की शहरी, दिव्यांग असल्यास ती नोंद आणि परीक्षेची भाषा, या पाच गोष्टी नीट बघा. अर्जाची मुदत संपल्यावर दोन-एक दिवस दुरुस्तीसाठी मिळतात, आणि याच गोष्टी तेव्हा बदलता येतात. सेवा केंद्रात घाईघाईत "शहरी"वर बोट पडलं आणि कुणी पाहिलंच नाही, तर पुढे ते निस्तरणं फार कठीण.

परीक्षेत काय असतं

एकच पेपर. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. दिव्यांग मुलांना जादा वेळ मिळतो. पेपर मराठीतून देता येतो. उत्तर चुकलं म्हणून गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

सगळ्यात मोठा भाग बुद्धिमत्ता चाचणीचा, ४० प्रश्न आणि ५० गुण. मग गणिताचे २० प्रश्न, २५ गुण. भाषेचे २० प्रश्न, २५ गुण. भाषेत उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात.

बुद्धिमत्ता चाचणी म्हटलं की आपण घाबरतो. पण त्यात अक्षरं नसतातच, सगळी चित्रं. चार आकृत्यांतली वेगळी कोणती? अर्धी नक्षी दिलीय, उरलेला तुकडा कोणता? आरशात ही आकृती कशी दिसेल? कागदाची घडी घालून भोक पाडलं, तर उघडल्यावर भोकं कुठे कुठे दिसतील? जी बाई ठिपक्यांची रांगोळी काढते, पोलक्याचं कापड घडी घालून बेतते, तिला हे शिकवायला कुणी परकं नको. जुनं वर्तमानपत्र घ्या, घडी घाला, कात्रीने टोक कापा आणि मुलाला विचारा, उघडल्यावर काय दिसेल? मूल आधी चुकेल, मग हसेल, मग स्वतःच घड्या घालत बसेल.

उत्तरपत्रिका गोळे रंगवायची असते. बॉलपेन वापरायचं, पेन्सिल नाही. खाडाखोड नाही. पाचवीच्या मुलाला याची सवय नसते. शिक्षकांना सांगून चार-पाच वेळा अशी उत्तरपत्रिका भरून घ्या.

क्लास लावावा का? ज्यांना जमतं त्यांनी लावावा. पण त्यासाठी गटातून कर्ज उचलण्याआधी शाळेतल्या शिक्षकांशी बोला, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. गावातली सात-आठ मुलं परीक्षेला बसणार असतील तर ग्रामसंघाच्या खोलीत संध्याकाळी तासभर एकत्र बसवा. बारावी झालेली एखादी मुलगी त्यांच्याकडे लक्ष देईल. आणि एक सावधगिरी. "माझी ओळख आहे, इतके द्या, यादीत नाव लावतो" असं सांगणारा कुणी दारात आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. यादी संगणकावर गुणांनुसार लागते. त्याने कुणाचंच काम केलेलं नसतं. योगायोगाने निवड झाली तर श्रेय घेतो, नाही झाली तर फोन उचलत नाही.

निकालानंतर दाद कशी मागायची

आता दुसरा प्रश्न. नाव आलं नाही, मग?

सरळ सांगते. नवोदयच्या उत्तरपत्रिकेची फेरतपासणी होत नाही. तसं माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. "माझ्या मुलाचे गुण पुन्हा मोजा" या अर्जाला उत्तर मिळणार नाही. त्यासाठी मजुरी बुडवून खेपा घालू नका.

पण याचा अर्थ सगळं संपलं असा नाही. निवड झालेली काही मुलं येत नाहीत, काहींचे कागद बसत नाहीत. त्या जागा प्रतीक्षा यादीतून भरतात. म्हणून अर्जातला मोबाइल नंबर चालू ठेवा. रिचार्ज संपला, नंबर बदलला आणि विद्यालयाचा निरोप पोचलाच नाही, असं व्हायला नको.

खरी दाद मागायची वेळ येते ती कागद पडताळणीत. यादीत नाव आहे, पण विद्यालयात गेल्यावर सांगितलं की हा दाखला चालत नाही, तुमची शाळा ग्रामीण नाही. अशा वेळी रडत परत येऊ नका. पहिलं काम, नकाराचं कारण लेखी मागा. तोंडी नकाराला पुढे काही आधार राहत नाही. दुसरं काम, आपला पुरावा जोडा. शाळा ग्रामपंचायत हद्दीत असेल तर ग्रामसेवकांचा दाखला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र घ्या. तिसरं काम, प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख. तिथे झालं नाही तर अर्ज नवोदय समितीच्या पुण्याच्या विभागीय कार्यालयाला पाठवा आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. विद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

उत्तरच मिळत नसेल तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. कोणत्या नियमाने प्रवेश नाकारला, असा नेमका प्रश्न विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं किंवा पटलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. आणि वकिलाचा सल्ला हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. १९८७ च्या कायद्याने बाईला तिथे मोफत मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. म्हणून अर्ज आईच्या नावाने करा.

हे सगळं दिवस मोजून करायचं असतं. प्रवेश महिनाभर लांबला तर जागा दुसऱ्याला जाते. आणि तोवर गावातल्या शाळेतून दाखला काढून घेऊ नका. नवोदयचा प्रवेश पक्का झाल्यावरच काढा, नाहीतर मूल दोन्हीकडून बाहेर.

दुसरी दारं

राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून चालत आली आहे. आधी ती चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला झाली, आणि आता शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीला न्यायचं ठरवलंय. आपल्या मुलाची पाळी कोणत्या वर्षी येते ते शाळेत विचारा. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. इथे मात्र दाद मागायची सोय आहे. परिषद आधी अंतरिम उत्तरसूची लावते. उत्तर चुकलंय असं वाटलं तर मुदतीत आक्षेप नोंदवता येतो. मग अंतरिम निकाल लागतो आणि शाळेमार्फत गुणपडताळणीचा अर्ज करता येतो. ही मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून निकालाच्या दिवसांत शाळेत चौकशी ठेवा.

आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि मूल जिल्हा परिषद, पालिका किंवा अनुदानित शाळेत असेल तर बसता येतं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. मूल गावातच राहतं, आईजवळ. शिवाय नवोदयमध्येही नववीला रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी वेगळी परीक्षा होते. म्हणजे पाचवीत राहिलेल्या मुलाला आठवीत तो रस्ता पुन्हा विचारता येतो.

शेवटचं, मुलांशी बोलण्याबद्दल. यादीत नाव आलं नाही की मूल गप्प होतं. घरात कुणीतरी म्हणतं, "पाहिलंस, त्यांच्या मुलीचं झालं." मघाचा आकडा आठवा. हजारोंतून ऐंशी. एक्क्याऐंशीवं मूल बिनडोक नसतं. दोन तासांत चित्रं ओळखण्याची ती परीक्षा आहे. जे मूल बाजाराचा हिशेब तोंडी करतं, धाकट्याला सांभाळून अभ्यास करतं, त्याची हुशारी त्या गोळ्यांत मावत नाही. हे मुलाला निकालानंतर सांगून पटत नाही. परीक्षेला जाण्याच्या आदल्या रात्री सांगा.

आणि नाव आलं तर? मुलगी असली की घरात चर्चा सुरू होते, एवढ्या लहान वयात लांब कशाला. भीती खोटी नाही. दहा-अकरा वर्षांची पोर, मायेला पारखी होणार. पण निर्णय फक्त बैठकीच्या खोलीत पुरुषांनी घेऊ नये. विद्यालय बघून या. मुलींचं वसतिगृह वेगळं असतं, ते आतून बघा, तिथल्या बाईंशी बोला. पाळी आली तर कोण बघतं, आजारी पडली तर कोण नेतं, भेटायचा दिवस कोणता, हे विचारा. आणि मुलीलाही विचारा. तिने पेपर दिलाय, तिचं मतही घ्यायला हवं.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. इतिवृत्ताच्या वहीत एक पान काढा. गटातल्या कुणाचं मूल दुसरीत आहे, तिसरीत आहे, चौथीत आहे, पाचवीत आहे, त्यांची नावं लिहा. प्रत्येकापुढे चार गोष्टी. जन्मतारीख सगळीकडे एक आहे का, शाळा कोणत्या हद्दीत येते, जातीचा दाखला झालाय का आणि वर्षात शाळा बदलायचा काही विचार आहे का. हप्त्याची थकबाकी आपण जशी दर महिन्याला वाचून दाखवतो, तसं हे पानही वाचायचं. अर्ज निघेपर्यंत सगळ्या रकान्यांत खूण झाली पाहिजे.